सबनीसांचा संगमरवर

किस्से काही कुणी मुद्दाम जमवत नाही हो! रोज डबा एकत्र खाल्ला, की ते माळ्यावरच्या भांड्यांसारखे आपोआप साठतात. पण कलकत्त्यात, गार्डन रीचच्या ऑफिसातल्या आम्ही चार मराठी मंडळींनी सबनीसांचे किस्से चक्क औषध म्हणून वापरले. सत्तरच्या आसपासची गोष्ट. सबनीसांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, "चिडवा, भांडा, पण त्यांना बोलतं करा." आम्ही चंगच बांधला.

सबनीसांना वेड एकच, संगमरवराचं. दगडाचं नव्हे, शब्दाचं! फारसीत मरमर, लॅटिनमध्ये मार्मोर, फ्रेंचमध्ये मार्ब्र, इंग्रजीत मार्बल. "सगळी एकाच घरची भावंडं," म्हणायचे, "आणि आजोबा ग्रीक!"

*

पहिल्या दिवशी खाटेशी बसून कुलकर्ण्यांनी चॅटर्जीबाबूंचा किस्सा काढला. ऑफिसातले चॅटर्जीबाबू एकदा ठासून म्हणाले, "मर्मर संस्कृत शब्द है!"

सबनीस म्हणाले, "संस्कृतात मर्मर म्हणजे पानांची सळसळ. पत्थर कभी सळसळ करता है, बाबू?"

चॅटर्जीबाबू रुसले ते रुसलेच. मग एक दिवस संदेश मिठाईचा पुडा घेऊन आले. "पत्थर आपका, शब्द हमारा. खाइए!"

सबनीसांच्या डोळ्यांत हसू आलं. तोंडातून मात्र नुसतं "अं".

*

मग मी एका बंगाली लग्नातला किस्सा सांगितला. उत्तर कलकत्त्यातला जुना जमीनदारी वाडा, पांढरीशुभ्र फरशी. सबनीस दारातच गुडघे टेकून दगडाची शीर न्याहाळायला लागले. ही मराठ्यांची रीत असणार, असं समजून वधूपित्यानेही गुडघे टेकले! मागून सगळे वऱ्हाडी! नवरदेव बिचारा एकटाच उभा.

पुन्हा "अं".

*

एकदा खिदिरपूरच्या गोदीत ग्रीक जहाज लागलं. फुटक्या फरशीचा तुकडा खिशात घालून सबनीस पोचले. खलाशाने तुकडा पाहिला आणि म्हणाला, "मार्मारो!" सबनीसांनी त्याला मिठीच मारली. परतताना गेटवर शिपायाने दरडावलं, "जेब में क्या है?"

"ग्रीस!" सबनीस म्हणाले.

हा आमचा हुकमी किस्सा. त्यावरही "अं"च आलं, तेव्हा खरं सांगतो, माझा धीर सुटला. जिन्यात कुलकर्णी डोळे पुसत होते.

*

सबनीसवहिनींचा धीर मात्र सुटला नाही. "डोळे पुसायचे तर घरी जाऊन पुसा," म्हणाल्या. याच वहिनी जन्मभर "दगडाचा संसार माझा!" म्हणून करवादायच्या. आता रोज सकाळी पेज भरवताना त्याच दगडाचा तास घ्यायच्या. "म्हणा, मरमर. म्हणा, मार्मोर." एकही नाव चुकायचं नाही. सबनीस ओठ हलवायचे, घामाघूम व्हायचे, आणि मान फिरवायचे.

एका रविवारी आम्ही सगळे बसलो होतो. वहिनींनी पेजेचा चमचा पुढे केला आणि अगदी सहज म्हणाल्या, "आज मी ह्यांना सांगितलं, भावजी, हा शब्द मूळचा आमच्या साताऱ्याचा. माझ्या माहेरचा. तिथून गेला ग्रीसला."

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. सबनीसांचा चेहरा लाल झाला. मान थरथरली, ओठ वाकडा झाला, पेज हनुवटीवर ओघळली.

"डों... डोंबलाचा सातारा!"

वहिनींनी पदराने त्यांची हनुवटी पुसली, दुसरा चमचा भरला.

"बरं, मग कुठला? सांगा."