बांगड्यांसोबत घरी गेलेलं मशीन

मंडळी, लिहितानाही लाज वाटतेय. मी कल्याणच्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे.

सोमवारी मोहनेहून एक आजी अर्धांगवायूने ॲडमिट झाल्या. नेहमीप्रमाणे मी अंगावरचं सगळं काढून पुडी केली आणि मुलाची सही घेऊन त्याला दिली. मग आजींना नाव विचारलं, वार विचारला. उत्तर नाही. मी चार्टवर लिहिलं, ‘गोंधळलेल्या आहेत. सारखा कानाशी हात नेतात.’

आज मुलाने ती पुडी उघडली. आत बांगड्यांसोबत कानाचं मशीन! धावत घेऊन आला.

ते लावून मी पुन्हा वार विचारला.

“गुरुवार,” आजी अडखळत म्हणाल्या. “तीन दिवस नुसती तोंड हलवत होतीस. माझ्यावर रागावलेलीस का गं?”

चार्टवरची ती ओळ माझ्याच अक्षरात आहे. आजींना काय उत्तर देऊ, सांगा.