उजव्या खांद्यावरचे जानवे

शनिवारी कचेरी सुटायच्या सुमारास ते खुंटीवरचे पागोटे काढीत, त्यावरची धूळ फुंकरीने उडवीत, तपकिरीच्या डबीवर टिचकी मारीत आणि आम्हा सगळ्यांना मिळून एकच प्रश्न विचारीत, "मग, उद्याचा बेत काय?"

उत्तराची वाट त्यांनी कधी पाहिली नाही. "आमचा तर पक्का आहे," असे म्हणून ते लगेच सुरू होत. असा एखादा गृहस्थ तुमच्याही कामाच्या जागी असेल. तुम्ही निघायला उठलेले असता आणि तो दारातच उभा असतो.

महाराजांच्या कारकिर्दीतली गोष्ट आहे. मी दरबारच्या एका लहानशा कचेरीत कारकून होतो आणि हे माझ्या समोरच्या बैठकीवर बसत. वयाने बरेच वडील. त्यांचे नाव मी लिहीत नाही. आम्ही पाठीमागे त्यांना बेतराव म्हणत असू, आणि पाठीमागे म्हणताना आवाज फारसा खाली घेत नसू. मला त्यांचा तिटकारा होता. ज्यांनी माझे खरेच वाईट केले त्यांचाही मी इतक्या चवीने तिटकारा केला नाही. आज हे लिहिताना लाज वाटते, पण ती चव आठवते हेही खरे.

त्यांचे बेत फार बारीक असत. पन्हाळ्याला जायचे तर वाघबीळच्या चढाला सगळ्यांनी गाडीतून उतरायचे, बैलांच्या जिवाला त्रास नको. शिदोरीला दशम्या, तिळाची चटणी आणि मेतकूट. जेवण एकदाच, दुपारच्या आत. जोतिबाला जायचे तर गुलालाच्या गर्दीचा दिवस टाळायचा, एरवीच्या रविवारी जायचे, म्हणजे देवापुढे घटकाभर नीट उभे राहता येते. मिरजेला आगगाडीने जायचे तर खिडकीची जागा नदीच्या बाजूची धरायची, कारण पुलावरून पाणी दिसते. आणि शेवटी नेहमी एकच शेपूट. "तुम्ही मंडळी कुठे निघालात, तर आम्हालाही सांगा. आम्ही दोघंच. फार जागा लागणार नाही."

आम्हाला वाटे, दोघंच म्हणजे हे आणि त्यांची जीभ. बायको त्यांची केव्हाच वारली होती, मूलबाळ नव्हते. कोण दुसरे, हे विचारण्याइतका रस आमच्यापैकी कुणालाच नव्हता.

सोमवारी तेच पागोटे, तीच डबी. पन्हाळा? टांगेवाल्याने दगा दिला. जोतिबा? आभाळ भरून आले. नदीवरच्या पुलाला तर आम्ही त्यांच्या तोंडून इतक्या वेळा गेलो की दत्तोपंत, म्हणजे आमच्यातले थट्टेखोर, एकदा म्हणाले, "अहो, एकदा खरंच जाऊन या, नाहीतर पूल रुसेल." सगळे हसले. तेही हसले. त्यांची हीच गोष्ट मला सर्वांत नावडे, की त्यांची टर उडवली तरी ते मनापासून हसत, आणि टर उडवणाऱ्याचा हात रिकामाच राही.

त्या दिवसांत पेठेबाहेरच्या माळावर तंबूतला सिनेमा येऊ लागला होता. रविवारी दिवे लागल्यावर खेळ. मधोमध मोठा पडदा, त्याच्यावर पाणी मारून तो ओला करीत, म्हणजे चित्र आरपार दिसे. पुढच्या बाजूला खुर्च्या आणि बाके, तिथे आमच्यासारखी पांढरपेशी मंडळी. पडद्यामागे नुसती माती. तिथे गाडीवाले, माळणी, हमाल, सहकुटुंब बसत. त्यांना चित्र उलटे दिसे, उजव्याचे डावे, पण तिकीट स्वस्त असे, म्हणून कुणी तक्रार करीत नसे.

बेत फसला तरी बेतराव सिनेमा मात्र चुकवीत नसत. सोमवारी त्यावरही त्यांची मते आम्हाला ऐकावी लागत. आणि ती मते अशी, की ऐकून अंगाचा तिळपापड व्हावा. राजा डाव्या हाताने जेवतो, हे काय राजाचे लक्षण? दान डाव्या हाताने देतो, घेणाऱ्याने ते घ्यावे तरी कसे? एकदा आश्रमातल्या लग्नाचा देखावा होता. दुसऱ्या दिवशी ते फार गंभीरपणे म्हणाले, "ऋषींचं जानवं उजव्या खांद्यावर. मुलीच्या कन्यादानाला बसलेत की बापाच्या श्राद्धाला? या कंपन्यांना सांगणारं कुणी नाही का?"

आम्ही सर्वांनी तो खेळ पाहिला होता. ऋषींचे जानवे चांगले डाव्या खांद्यावर होते. दत्तोपंत डोळे मिचकावून मला म्हणाले, म्हाताऱ्याला डावे-उजवे कळेनासे झाले. मीही कपाळाला बोट लावून दाखवले. बेतराव आमच्याकडे पाहत होते, आणि काहीतरी उत्तर हवे असल्यासारखे थांबून होते. मग त्यांनी स्पष्टच विचारले, "तुमचं काय मत? घरी जाऊन सांगायला हवं." मी म्हणालो, "तुमचं म्हणणं अगदी रास्त आहे." ही माझी थट्टा होती. त्यांचा चेहरा एकदम उजळला. मूर्ख माणूस, असे मी मनात म्हणालो.

उलगडा आमच्या पट्टेवाल्याने केला, तोही सहज. बाबालाल त्याचे नाव. पाण्याचा तांब्या ठेवता ठेवता आमचे बोलणे त्याच्या कानावर पडले. तो म्हणाला, "ते मागल्या अंगाला असत्यात की. मीबी तिथंच बसतो. त्यास्नी सगळं उलटंच दिसायचं, दुसरं काय?"

दरबारचा कारकून हमालांत, मातीत! दत्तोपंतांना तर सणच झाला. पुढच्या रविवारी त्यांनी मला ओढून नेले. खेळ सुरू झाल्यावर आम्ही तंबूच्या कडेने गेलो आणि कनातीच्या फटीतून मागच्या बाजूला पाहिले.

बेतराव मांडी घालून बसले होते. पागोटे मांडीवर. शेजारी विधवेच्या लाल आलवणातली एक बाई, पदर कपाळाखाली ओढलेला, केशवपन केलेली. त्यांची थोरली बहीण असावी हे नाकावरून कळत होते, तसेच बसके नाक. पडद्यावर मजकूर आला. आमच्या बाजूने सरळ दिसणारी अक्षरे त्यांना उलटी दिसत होती, आणि बेतराव ती उजवीकडून डावीकडे, न अडखळता, हलक्या आवाजात वाचून दाखवीत होते. इतके सराईत वाचन मी सरळ अक्षरांचेही फार थोड्यांच्या तोंडून ऐकले आहे. माझ्याने ते कौतुकाने ऐकवले नाही. मला राग आला. एवढी मेहनत, आणि बहिणीला पुढे नेऊन बसवण्याचे धाडस नाही!

मग ती बोलली. "बाळ, बघ, पुन्हा तेच. आशीर्वाद डाव्या हातानं. बोललास ना तू कचेरीत?"

"बोललो, अक्का. सगळ्यांना पटलं. अगदी रास्त आहे म्हणाले."

"मग सुधारतील," ती म्हणाली आणि समाधानाने पडद्याकडे पाहू लागली.

तिला अक्षर येत नव्हते. पडद्याला दुसरी बाजू आहे, आणि सरळ चित्र तिकडे आहे, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. ते सांगायचे म्हणजे आपल्याला मागे का बसावे लागते हेही सांगावे लागले असते. ती मते तिची होती. ते बेतही तिचेच, हे मला तिथे उभ्या उभ्या कळले. चढाला उतरायचे, देवापुढे घटकाभर उभे राहायचे, विधवेच्या नेमाने एकदाच जेवायचे. आठवडाभर घरात बसून ती वाटा आखी, आणि शनिवारी हे आमच्यापुढे मांडीत, की कुणीतरी म्हणावे, चला, तुम्ही दोघेही या.

दत्तोपंत परतताना भराभर पुढे चालत होते. मी मात्र मनात त्या माणसाला भेकड म्हणत होतो, आणि घराच्या पायऱ्या चढल्यावर ते म्हणणे माझ्यावरच उलटले. आमच्या माजघरात माझी थोरली वहिनी तशाच आलवणात वावरत होती. चित्रे हलतात एवढेही मी तिला कधी सांगितले नव्हते.

थोड्या दिवसांनी कचेरीतल्या मंडळींची सहकुटुंब पन्हाळ्याला जायची टूम निघाली. मी धीर करून म्हणालो की त्यांनाही सांगू, त्यांच्या बहिणीसह. दत्तोपंत खजील होऊन म्हणाले की त्यांची स्वतःची हरकत नाही, पण निघतानाच विधवा समोर आली तर बायका गाडीत बसायच्या नाहीत, उगाच वाटेत चाक मोडायचे. मीही मग ती गोष्ट सोडून दिली. त्या शनिवारी बेतरावांनी पागोटे काढले, डबी काढली, आणि आम्ही सगळे एकदम कामात शिरलो. ते जरा थांबले. मग प्रश्न न विचारताच गेले. पन्हाळ्याच्या वाटेवर आमच्या गाडीचे चाक मोडले. दत्तोपंत उन्हात उभे राहून बराच वेळ कुणाला दोष द्यावा याचा विचार करीत होते, पण गाडीत सगळ्या सवाष्णीच होत्या.

पुढे तंबू गेला आणि शहरात सिनेमाचे पक्के घर झाले. पहिल्या रविवारी मी सपत्नीक गेलो. वहिनी घरीच होती. तिकिटाच्या खिडकीपाशी बेतराव उभे होते आणि मागे दोन पावले अक्का. ते दारवानाला खालच्या आवाजात विचारत होते की पडद्यामागची जागा कुठून. दारवान मोठ्याने म्हणाला, "मागं भिंत हाय की, पावणं. पडदा भिंतीवरच लावलाय. आता मागं कोन बसत न्हाय."

बेतराव त्या भिंतीकडे असे पाहत राहिले, जणू ती त्यांच्यासाठीच बांधली होती. बायकांची बैठक वेगळी, आडपडद्यापलीकडे, आणि तिथे आमच्याच घरांतल्या बायका. तिथे ते तिच्याबरोबर जाऊ शकत नव्हते, आणि ती तिथे एकटी गेली तर कोण काय म्हणेल याचा नेम नव्हता. आता हे परत फिरणार, अशी मला खात्री होती, आणि या खात्रीत पुन्हा तीच जुनी चव होती.

अक्का पुढे आली. "बाळ, काय झालं?"

"काही नाही," ते म्हणाले. "आज बायकांत बसावं लागेल. जाशील?"

ती गेली. पुढचे माझ्या पत्नीने सांगितले. दोघी-तिघींनी लुगडी आवरून घेतली. पत्नी म्हणाली, मीही आवरलं, पण जागा झाली तशी ती माझ्याशेजारीच बसली. अक्षरे कुणी वाचून दाखवायला नव्हते, तरी ती डोळे न लववता पाहत होती. मग पडद्यावर यज्ञाचा प्रसंग आला. ऋषी बसले होते, जानवे डाव्या खांद्यावर, आहुती उजव्या हाताने. अक्का एकदम पुढे सरकली आणि माझ्या पत्नीचा हात धरून म्हणाली, "बघितलंत? सुधारलं! माझ्या भावानं कचेरीत सांगितलं होतं. मोठ्या लोकांत बसतो तो, त्याचं ऐकतात."

माझी पत्नी फार सरळ बाई. मी विचारले, मग तू काय म्हणालीस? ती म्हणाली, "काय म्हणणार? हो म्हणाले."

सोमवारी बेतराव डबीवर टिचकी न मारताच बसले होते. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "कंपनीनं चूक दुरुस्त केली बरं का." मी म्हणालो, "आपण बोललो होतो ना." त्यांनी वर पाहिले. मला सगळे ठाऊक आहे हे त्यांना तेव्हा कळले. ते हसले नाहीत. एवढी एकच वेळ.

पुढल्या उन्हाळ्यात त्यांची बदली गडहिंग्लजला झाली. जायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, त्यांनी पागोट्यावर फुंकर मारली आणि म्हणाले, "उद्याचा बेत पक्का. बैलगाडी, दशम्या, तिळाची चटणी. आम्ही दोघंच." आम्ही सवयीने हसलो. सोमवारी समोरची बैठक रिकामी होती, तेव्हा ध्यानात आले, की या खेपेला ते खरेच गेले. निरोप द्यायला कुणी गेले नाही. मीही नाही.

तिकडे तेव्हा सिनेमा नव्हता. काही वर्षांनी आधी ते आणि मग अक्का वारल्याचे बाबालालकडून कळले.

मी अजून रविवारी सिनेमाला जातो. आता वहिनीही बरोबर येते, इतक्या वर्षांनी का होईना. पडद्यावर ऋषी आले की माझी नजर चेहऱ्याकडे जात नाही, आधी खांद्याकडे जाते. जानवे बरोबर असते. दर वेळी बरोबर असते. वहिनी एकदा म्हणाली, किती नीट करतात हो हे लोक सगळं. मी म्हणालो, हो, मागे एक बाई होत्या, त्यांनी सांगितलं होतं.