मारामाची बायको

सुलेखा शिरसाट पुण्याच्या येरवड्यातून वेलिंग्टनला आली ती इंजिनियर म्हणून. माओरी मारामा तिला वेलिंग्टनजवळच्या अप्पर हट गावातल्या एका टिंबर यार्डात भेटली. मारामा तिथं फोर्कलिफ्ट चालवायची, सुलेखा एका कामासाठी लाकूड बघायला गेली होती. "सेफ्टी बूट घालून ये, मग आत सोडते," असं म्हणून मारामानं तिला गेटवरूनच परत पाठवलं. पुढच्या उन्हाळ्यात दोघींनी लग्न केलं.

लग्नाला सुलेखाचे वडील, सुखदेव, आले नाहीत. आई गेल्यावर एकटे पडले तेव्हा आले आणि इथंच राहिले. मारामाला ते लाडानं 'रमा' म्हणायचे, तिनं समुद्रावरून आणलेले शिंपले नाक मुरडत खायचे. पण पुण्याहून त्यांच्या धाकट्या भावाचा, राजारामचा फोन आला की म्हणायचे, "ती होय? आमची घरमालकीण."

मारामाला त्याचा अर्थ कळला तेव्हा ती पोट धरून हसली. "मग पप्पांचं भाडं वाढवू या!" सुलेखाला हसू आलं नाही.

यार्डातल्या एका रॅकचा खांब वाकलेला होता. कामगारांनी वरचेवर सांगूनही तो तसाच राहिला. एका सकाळी रॅक कोसळला आणि ओल्या लाकडांची अख्खी थप्पी मारामावर आली. सुलेखा पोचली तेव्हा तिच्यावर चादर टाकलेली होती.

मारामाला तिच्या गावी, तिच्या कुळाच्या सभाघरात नेलं. तिच्या आईनं सुलेखाला शवपेटीच्या उशाशी, स्वतःशेजारी बसवलं. माओरी गाणी थांबली तसे सुखदेव उठले आणि कापऱ्या आवाजात त्रिशरण म्हणाले. ते अंगणात आले तेवढ्यात फोन वाजला. सुलेखा दारातच होती.

"घरमालकीण वारली म्हणे?" राजाराम विचारत होता.

"सून वारली माझी," सुखदेव म्हणाले आणि तिथंच पायरीवर बसून रडायला लागले.

इतकी वर्षं सुलेखानं या एका शब्दाची वाट पाहिली होती. आता तो ऐकायला मारामा नव्हती.

इथल्या कायद्यानं अपघाताच्या भरपाईसाठी कंपनीवर दावा लावता येत नाही. सरकारनं खटला भरला, तेवढाच मार्ग होता. कोर्टात न्यायाधीशबाईंनी सुलेखाकडे बघून म्हटलं, "आता मृत महिलेची पत्नी बोलेल." भर कोर्टात हा शब्द इतक्या सहज उच्चारला गेला, की सुलेखानं तो मनात पुन्हा एकदा म्हणून बघितला. ती बोलली. मारामाच्या हातांना राळेचा वास यायचा, तो उशीला अजून आहे, असं काहीबाही. पण बोलताना बघायचं कोणाकडे? आरोपीच्या जागी माणूसच नव्हता. आरोपी होती कंपनी, आणि तिच्या वतीनं एक वकील मान खाली घालून काहीतरी लिहीत होता.

कंपनी दोषी ठरली, दंडही झाला. पण तोवर मालकानं ती दिवाळखोरीत काढली होती, वसूल करायला काही उरलंच नव्हतं. मालकावर व्यक्तिशः आरोप नव्हता. महिन्याभरात त्याच यार्डावर नव्या नावाची पाटी लागली. मालक तोच, ट्रकही तेच.

सुखदेव चवताळले. "कंपनीला कायदा माणूस मानतो ना? मग हा कसला माणूस? गुन्हा केला की मरायचं आणि दुसऱ्या नावानं उठून बसायचं! माझी रमा उठली का?"

सुलेखानं खासदाराला गाठलं, वकिलांना विचारलं. सगळ्यांनी आपुलकीनं ऐकून घेतलं. कायद्यात बसतं, म्हणाले. यार्डातली माणसं नव्या कंपनीत तीच कामं करत होती. त्यांनाही घरं होती, सुलेखा तरी त्यांना काय दोष देणार?

हिवाळा संपत आला तेव्हा सुखदेव जेवता जेवता म्हणाले, "सुले, चल पुण्याला. इथं आता काय राहिलंय तुझं?"

"तिथं मी कोण ठरेन, पप्पा?"

त्यांनी आमटीची वाटी तिच्याकडे सरकवली.

"कागदावर अविवाहित," तीच म्हणाली. "इथं मी विधवा तरी आहे."

सुखदेवांनी ताटातली भाकरी मोडली, पण तोंडात घातली नाही. मग पुण्याचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.