बबनकाका पास करतील असा हेडफोन

आमच्या डिपार्टमेंटचे किस्से कुणी मुद्दाम जमवलेले नाहीत. लाईनच्या शेवटी रिजेक्ट पीस टाकायचा लाल ट्रे असतो ना, तो जसा कुणाचं लक्ष नसताना भरतो, तसे हे भरत गेले. कंपनीच्या बसमध्ये निगडीला एकानं सुरुवात करायची, की महाळुंगे येईपर्यंत पुरतात. मी क्वालिटीत बारा वर्षं आहे, त्यामुळे माझ्याकडे साठा जरा जास्तच! आणि त्यातले निम्मे एकट्या बबनकाकांचे.

बबनकाका म्हणजे आमची साउंड रूम. आम्ही गिअरबॉक्स बनवतो. तयार झालेला प्रत्येक गिअरबॉक्स एका बंद खोलीत फिरवतात आणि काका त्याचा आवाज ऐकतात. चांगला असेल तर पिवळ्या मार्करनं टिक. शंका आली तर एकच वाक्य, "अजून एकदा फिरवा." मीटर, सेन्सर, सगळं आहे हो त्या खोलीत. पण काकांची टिक असल्याशिवाय माल गाडीत चढत नाही.

* * *

माझा पहिला महिना. डिग्री ताजी, नाक वर. माझ्या सहीचा पहिला लॉट निघायचा होता, गाडी गेटवर उभी होती, आणि काका एकाच गिअरबॉक्सपाशी अडून बसले होते.

"काका, मीटर ओके दाखवतोय."

"दाखवू द्या. अजून एकदा फिरवा."

असं चार वेळा! शेवटी मी वैतागून म्हणाले, "काका, मीटरला कळत नाही ते तुम्हाला कळतं?"

"मीटर पगार घेतो का? म्या घेतो."

गिअरबॉक्स खोलला. एका दातावर नखाच्या टोकाएवढा टवका होता, भिंगातून बघितल्यावर दिसला. तो लॉट तसाच गेला असता तर माझी नोकरी तिथंच आटोपली असती. मी कान पकडले आणि काकांना कँटीनमध्ये नेऊन चहा पाजला. काकांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि चहावाल्याला म्हणाले, "अजून एकदा उकळा."

* * *

आमच्या सावंत साहेबांनी नवी गाडी घेतली. चांगली मोठी, सनरूफवाली. साहेब सगळ्यांना पार्किंगमध्ये घेऊन गेले, पेढे वाटले आणि काकांना मुद्दाम शेजारी बसवून आवारात एक चक्कर मारली.

काका उतरले. साहेब वाट बघतायत, आम्ही वाट बघतोय.

"मग काका, कशी वाटली गाडी?"

काकांनी हातातला पेढा तोंडात टाकला. "पेढा चांगला हाय, साहेब."

साहेब हसले, पण त्यांच्या डोक्यात किडा वळवळलाच. आठवड्यानं गाडी सर्व्हिसला नेली. मागच्या चाकाचं बेअरिंग बदलून मिळालं. तेव्हापासून आमच्याकडे कुणाच्या घरी जेवायला जाऊन आलं आणि "जेवण कसं होतं?" विचारलं, की "पेढा चांगला हाय" एवढंच सांगायचं. समजायचं ते समजतं.

* * *

आता दीपक. परभणीचा पोरगा, मापं घेण्यात एक नंबर, फक्त एक खोड. तपासलेल्या पीसवर हिरवा गोल स्टिकर लावायचा असतो, त्यावर 'OK' आणि खाली तपासणाऱ्याचं नाव. दीपकच्या खिशात त्या स्टिकरचा रोल कायम. डब्याला स्टिकर, हेल्मेटला स्टिकर. एकदा साहेबांच्या खुर्चीलाही लावला होता.

गावाकडे मुलगी बघायला गेला आणि परत येताना तिच्या फोटोच्या मागे 'OK दीपक' लावून फोटो आईला दिला. तो फोटो फिरत फिरत मुलीच्या हातात पडला. लग्नाला आम्ही सगळे परभणीला गेलो होतो. अंतरपाट दूर झाला, नवरीनं हार घातला आणि पाठोपाठ त्याच्या शेरवानीवर, शंका आलेला पीस अडकवून ठेवताना आम्ही लावतो तसा, एक पिवळा स्टिकर चिकटवला. वर लिहिलं होतं, 'होल्ड'!

* * *

पुढचा किस्सा मी बसमध्ये सांगत नाही. तुम्हाला सांगते.

माझी जुई तेव्हा पावणेदोन वर्षांची होती. बोलत नव्हती. घरी सगळे म्हणायचे, तिचे बाबाही उशिराच बोलले, काळजी करू नकोस. त्या वर्षी कंपनीच्या फॅमिली डेला मी तिला घेऊन गेले. काकांनी तिला दिवसभर कडेवर मिरवलं. सोमवारी काका जिना चढून माझ्या टेबलापाशी आले. एरवी ते ऑफिसात पाऊल टाकत नसत.

"पोरी, राग मानू नको. लेकराच्या मागं उभं राहून किल्ल्या वाजवून बघितल्या. डावीकडं वळतच न्हाई. उजवीकडं बी उशिरा वळती."

माझा असा काही संताप झाला! "काका, माझी मुलगी गिअरबॉक्स आहे का?" भर ऑफिसात ओरडले मी. काका मान खाली घालून जिना उतरले.

चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी सकाळी जुई ओट्याखाली डबे मांडून खेळत होती आणि मी पोहे करत होते. काय वाटलं कुणास ठाऊक. तिच्या डाव्या बाजूला मागे उभी राहिले आणि कढईवर झारा आपटला. ती खेळतच राहिली.

तपासणी झाली. दोन्ही कान अधू, डावा जास्त. डॉक्टर म्हणाल्या, "वेळेत आणलंत. अजून उशीर झाला असता तर बोलणं भरून काढणं अवघड गेलं असतं." कानांना ऐकायची मशिनं लागली, बोलायला शिकवणाऱ्या ताई मिळाल्या. मी माफी मागायला साउंड रूममध्ये गेले आणि तोंडातून शब्द फुटायच्या आत रडायलाच लागले.

काकांनी फिरता गिअरबॉक्स थांबवला. "रिपोर्ट काय आला?"

मी सांगितलं.

"मंग रीवर्क व्हतंय ना? स्क्रॅप तर न्हाई? मंग रडती कशाला?"

आज जुई सात वर्षांची आहे आणि तिची बडबड थांबवायला मला हात जोडावे लागतात. त्या माणसाचे उपकार कसे फेडायचे, मला माहीत नाही. खरं सांगू, फेडायचेच नाहीत. फक्त एक धास्ती मनातून जात नाही. डावा कान आणखी उतरला तर? दर सहा महिन्यांनी तपासणी असते आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत मी तिच्या मागे उभी राहून किल्ल्या वाजवत असते.

* * *

तर यंदा काका रिटायर होणार होते. मी विचारलं, "आता काय करणार काका?"

"गाणी ऐकनार. इतकी वर्सं नुसते गिअरच ऐकले. पर मोबाईलमधी ढोलकीचा धुम्म ऐकूच येत न्हाई बघा."

झालं! हेडफोन द्यायचा ठरला, आणि द्यायचा तर भारीतलाच. तीन मॉडेल निघाली. वीस हजार, सव्वीस हजार आणि पस्तीस हजार. दिसायला तिन्ही सारखी. रिव्ह्यू वाचून वाचून माझं डोकं फिरलं. एक म्हणतो आवाज उबदार आहे, दुसरा म्हणतो आवाजात हवा खेळते.

"म्याडम, हेडफोन घ्यालाव का स्वेटर?" दीपक म्हणाला. "ड्रॉइंग द्या, टॉलरन्स द्या. मी मोजून सांगतो."

आणि त्यानं मोजलं! वजन, पट्टीचा ताण, वाटीची खोली, सगळं तक्त्यात भरलं. निष्कर्ष काय, तर तिन्ही पास.

मग ऐकून बघायचं ठरलं. पस्तीसवाला साहेबांचा स्वतःचा होता, सव्वीसवाला माझ्या आयटीतल्या दिराचा, वीसवाला दुकानदारानं दाखवायला दिलेला. नावांवर टेप लावली आणि वर १, २, ३ लिहिलं. आठजणांनी ऐकलं. आठांपैकी एकालाही फरक सांगता येईना, आणि कबूल कुणीच करेना!

फरक कळणारा माणूस कंपनीत एकच, आणि गिफ्ट त्यालाच द्यायचं. शेवटी मी धडधडीत खोटं बोलले. "काका, साउंड रूमसाठी कंपनी हेडफोन घेतेय. जरा सांगा बरं यातला कुठला घ्यावा." एका चांगल्या आणि एका खराब गिअरबॉक्सचं रेकॉर्डिंग लावलं. काकांनी तिन्ही ऐकले. तिन्ही वेळा अजून एकदा फिरवायला लावलं.

"पहिला झ्याक हाय. खराबाला खराब म्हणतो. दुसरा बी तसाच, उगं मोठ्यानं बोलतो." तिसरा काढून त्यांनी लांब धरला. "ह्यात खराब गिअरबॉक्स बी गोड वाजतोय. ह्यो क्वालिटीत घेऊ नका म्याडम. सेल्सला द्या!"

साहेबांनी आपला हेडफोन टेपसकट उचलला आणि केबिनमध्ये गेले.

पहिला म्हणजे वीसवाला. मला उगाच कसंतरी वाटलं. ज्या माणसामुळे माझी मुलगी बोलते, त्याला तिघांतला सगळ्यात स्वस्त द्यायचा? दीपक म्हणाला, "काकानं सोता पास केलाय म्याडम. आता किंमत कामून बघालाव?"

नवा कोरा पीस मागवला. दीपक म्हणाला, मी एकदा तपासून घेतो. मी बजावलं, "गिफ्ट आहे दीपक. बाहेर एकही स्टिकर दिसता कामा नये!"

"नाही दिसणार, म्याडम."

* * *

निरोप समारंभ कँटीनमध्ये झाला. सगळ्यांची घरची मंडळी आली होती. जुई पहिल्या रांगेत. भाषणं झाली, काकांनी खोकं उघडलं आणि माझ्याकडे बघितलं. "खोटं बोलला व्हय, म्याडम!" डोळे भरून आले होते त्यांचे. माझेही.

पण हेडफोन त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घातला नाही. "आधी लेकराला," म्हणाले आणि जुईच्या कानांवर, मशीनवरूनच, अलगद बसवला. दीपकनं मोबाईलवर ढोलकी लावली. जुई डुलायला लागली. मग थांबली. डावी वाटी हातानं दाबून बघितली.

"काका, डावीकडून कमी येतंय."

जुईच्या डाव्या कानाचं तिथं सगळ्यांनाच ठाऊक होतं. साहेब म्हणाले, "असू दे बाळा. छान आहे ना?" पुढच्याच आठवड्यात तपासणी होती. मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. "मशीन नीट बसलंय ना? बॅटरी संपली का गं?"

"आई, मशीन ठीक आहे. ह्याच्यातूनच कमी येतंय."

काकांनी तिच्या डोक्यावरचा हेडफोन काढून आपल्या कानांना लावला. डोळे मिटले.

"अजून एकदा फिरवा."

दीपकनं ढोलकी पुन्हा लावली. काकांनी हेडफोन उलटा करून घातला, डावी वाटी उजव्या कानावर. परत सुलटा केला. मग खाली बसले, डाव्या वाटीच्या गादीखाली अंगठ्याचं नख घातलं आणि गादी उचकटली. आत स्पीकरच्या तोंडावर, अगदी मधोमध, हिरवा गोल स्टिकर चापून बसवलेला होता.

'OK दीपक.'

"बाहेर नाही लावला म्याडम," दीपक पुटपुटला. आधी साहेब हसले, मग सगळं कँटीन. मी हसत होते की रडत होते, मलाच कळत नव्हतं. जुईला घट्ट धरून बसले होते एवढं खरं.

काकांनी स्टिकर सोलून काढला, गादी परत बसवली. मग खिशातला आपला पिवळा मार्कर काढून जुईच्या हातात दिला. "घे. आता तूच पास कर."

हेडफोन पुन्हा जुईच्या कानांवर चढला. तिनं डोळे मिटले, मान काकांसारखीच जराशी कलती केली. गुलाबजामच्या वाट्या हातात धरून सगळे ताटकळत उभे राहिले. ढोलकी संपली. जुईनं एक डोळा उघडला, दीपककडे बघितलं आणि म्हणाली, "अजून एकदा फिरवा!"