गॅरेजसाठी रबर हुडकताना

लग्नातले किस्से सगळ्यांकडं असतात, घर बांधतानाचे तर दुप्पट असतात. माझ्याकडं रबराचे आहेत. हसू नका! एका गॅरेजमध्ये खाली काय अंथरायचं, एवढाच प्रश्न होता. पण त्या एवढ्याशा प्रश्नानं आठ दिवसांत इतकं काही घडवलं, की आजही आमच्या फौंड्रीत जेवणाच्या सुट्टीत डबे उघडायच्या आधी कुणीतरी म्हणतंच, "दत्तादा, तो ट्रकचा सांगा," नाहीतर "तो अंड्यांचा सांगा." सुटे सुटे सांगून माझाच घसा बसायची वेळ आली. म्हणून आज सगळे सलग सांगतो. मधेच उठायचं नाही!

आधी भानगड काय होती ते ऐका. सायली ही माझी थोरली लेक. वेटलिफ्टर. दीड महिन्यावर राज्याच्या संघाची निवड चाचणी, आणि ती सराव करायची त्या हॉलचं छप्पर नेमकं दुरुस्तीला काढलं. कोच म्हणाले, "बार आणि प्लेटा घरी न्या, जागेचं तुमचं तुम्ही बघा." गेल्या वर्षी चाचणीच्या दिवशीच पोरगी तापानं फणफणली होती. तीन दिवस नीट जेवली नव्हती, ते मी बघितलंय. आणि यंदा तिचं त्या वयोगटातलं शेवटचं वर्ष. म्हणजे आत्ता न्हाय तर कधीच न्हाय!

जागा म्हणजे आमचं गॅरेज. बायकोनं, संगीतानं, एका वाक्यात निकाल दिला, "गाडी रस्त्यावर काढा."

"अगं, उन्हानं रंग जाईल की!"

"रंग परत मारता येतोय. पोरीचं वर्ष परत येणाराय व्हय?"

गाडी त्याच संध्याकाळी रस्त्यावर आली.

*

पहिल्याच दिवशी सायलीनं सत्तर किलो डोक्यावर नेले आणि रीतसर खाली सोडले. शहाबादी फरशीचे तीन तुकडे झाले. ते ठीक, फरशी आमची होती. पण गॅरेजची मागची भिंत इनामदार सरांची आणि आमची सामाईक आहे. सर म्हणजे निवृत्त गणिताचे मास्तर. अर्ध्या गल्लीला त्यांनी शिकवलंय, मलाही.

दोन मिनिटांत सर दारात. अंगात बनियन, हातात भिंतीवरचं घड्याळ. काच फुटलेली.

"दत्ता, हे काय चाललंय?"

"सर, वेटलिफ्टिंग."

"तुझ्या घरात की माझ्या?"

सर म्हणाले, "आठ दिवस देतो. आठव्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला मी माझ्या खोलीत भिंतीला टेकून बसेन. तुम्ही वजनं टाका. आवाज आला, तर वजनं कायमची बंद. नाही आला, तर माझं काही म्हणणं नाही."

मी मान हलवली. शाळेत सरांपुढं मान हलवायची लागलेली सवय, ती अजून सुटलेली नाही. आत वळून बघितलं तर सायली फुटक्या फरशीवर बसलेली, आणि तोंड एवढंसं झालेलं.

*

दुसऱ्या दिवशी एका शोरूमचा माणूस घरी आला. कडक इस्त्री, गळ्यात टाय, हातात नमुन्यांची जाड वही. गॅरेजमध्ये एक चक्कर मारून म्हणाला, "सर, थीम काय ठेवायची?"

मी म्हटलं, "थीम? वजन पडायचं, ही थीम."

तो दमला नाही. निळा, पोपटी, करडा, एकमेकांत अडकणारे चौकोन त्यानं काढले. आठ एमएम. "एकदम प्रीमियम, सर! इम्पॅक्ट खाऊन टाकतंय!"

संगीता आत गेली आणि पाट्यावरचा वरवंटा घेऊन आली. पोपटी चौकोन न फुटलेल्या फरशीवर ठेवला आणि कमरेएवढ्या उंचीवरनं वरवंटा सोडला. खट्! चौकोन उचलून बघितलं तर खालची फरशी आरपार तडकलेली.

संगीता त्या माणसाला शांतपणे म्हणाली, "पावणं, चहा घ्या. थीम फुटली तुमची."

*

मग बशीरभाई मैदानात उतरला. हा माझा शाळेपासूनचा दोस्त, झिजलेल्या टायरांवर नवं रबर चढवायचा, रिमोल्डचा धंदा. तो म्हणाला, "रबर घ्यायला शोरूममध्ये जातंय व्हय कोण? येडा का खुळा तू?" रबर कसं बघायचं ते त्यानं मला शिकवलं. आधी नखानं दाबायचं, खूण राहिली तर रबरात भेसळ. मग वास घ्यायचा.

त्यानं मोठ्या टायरांच्या पट्ट्या कापून आणल्या, शेजारी शेजारी मांडल्या आणि आपल्याच हातानं ऐंशी किलो सोडले. आवाज निम्मा! आम्ही टाळ्या वाजवल्या. सायली पहिल्यांदा हसली.

पण दिवस उन्हाळ्याचे, गॅरेजचं दार स्वयंपाकघरात उघडणारं, तापलेल्या टायरचा वास घरभर. दुसऱ्या दिवशी रविवार. बशीरभाईला मुद्दाम जेवायला बोलावलेलं, मटणाचा तांबडा रस्सा केलेला. संगीतानं पहिला घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"ह्यात ट्रक पडलाय," ती म्हणाली.

बशीरभाईनं पण घोट घेतला. डोळे मिटले. जिभेवर घोळवला. म्हणाला, "न्हाय वैनी. ट्रॅक्टर हाय. मीच रिमोल्ड केलेला, वळखतोय की मी!"

पट्ट्या त्याच संध्याकाळी परत गेल्या.

*

ही सगळी बातमी कागलला संगीताच्या भावाला कळली. तानाजी. तरुणपणी पैलवान, आता शेती आणि म्हशी. त्याचा फोन आला, "दाजी, काळजी सोडा. उद्या सकाळी माल पोचतोय." काय माल, ते सांगायच्या आधी फोन बंद.

सकाळी सातला दारात ट्रॅक्टर. ट्रॉली वर झाली आणि आमच्या फाटकासमोर तांबड्या मातीचा ढीग पडला. वर ताकाचा कॅन, लिंबाची पिशवी, हळद आणि तेलाचा डबा. ड्रायव्हर म्हणाला, "पैलवानांनी निरोप दिलाय. हे सगळं मिसळून माती चांगली तिंबा. आखाड्यावाणी मऊ हुतीया."

सायलीनं मामाला फोन लावला. "मामा, मी कुस्ती न्हाय खेळत! बार रुतून बसला तर काढायला जेसीबी आणू?"

तिकडनं तानाजी ओरडला, तो मला चार हातांवर ऐकू आला, "माती कधी कुणाची तक्रार करत न्हाय!"

तेवढ्यात इनामदार सर बाहेर आले. ढिगाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, संपलं आता. सर म्हणाले, "दोन घमेली मला दे. गुलाबांना." मग काय, गल्लीतल्या बायका पाट्या घेऊन आल्या, आणि दुपारपर्यंत ढीग कुंड्यांमध्ये गडप. ताक आम्ही प्यालो.

*

पाच दिवस गेले. सायली एका जागी बसून मोबाईलवर दुसऱ्यांचे सराव बघायची. बाप असून पोरीला पायाखाली धड जमीन देता येईना, ह्याची लाज वाटत होती, खरंच सांगतो.

सहाव्या दिवशी तानाजीची समजूत काढायला आम्ही कागलला गेलो. माती वाटून टाकल्यानं तो फुगून बसलेला. बशीरभाई पण बरोबर होता, तो जेवण चुकवत नाही. जेवण झालं, तानाजी गोठा दाखवायला घेऊन गेला. आणि आमच्यासमोर त्याची एक भलीमोठी म्हैस पुढचे गुडघे मोडून सगळ्या वजनानिशी खाली बसली.

सायली जागच्या जागी थांबली. "मामा, आवाज का आला न्हाय?"

"खाली रबराची मॅट हाय की. गोठ्यातली. गुडघं सोलत न्हाईत जनावराचं."

"किती वजन असंल हिचं?"

"पाचशे तरी हाय. दिवसातनं दहादा उठती, दहादा बसती. चार वर्षं झाली मॅटला."

सायलीनं चप्पल काढली आणि रिकाम्या मॅटवर जाऊन दोन्ही पायांनी उडी मारली. परत मारली. बशीरभाई तर गुडघ्यावरच बसला. नखानं दाबलं, खूण नाही. मग नाक मॅटला लावून लांब श्वास घेतला. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडं बघत उभे.

तो उठला, डोळे भरून आलेले. "एक नंबर माल! वास येतोय, पण तो म्हशीचा हाय. रबराचा न्हाय!"

आणि तानाजी? तो कपाळावर हात मारून म्हणाला, "आयला, आणि मी माती धाडली!"

*

तसेच गेलो कागलच्या बाजारात, जनावरांचं सामान विकणाऱ्या दुकानात. दुकानदार वही उघडून बसला. कुठल्या जाडीची मॅट द्यायची, ते तो जनावर विचारून ठरवायचा.

"किती जनावरं?"

सायलीनंच पुढं होऊन स्वतःला मोजलं, "एकच."

"वजन किती?"

तिला वाटलं, उचलायचं वजन विचारतोय. "नव्वद."

"नव्वद? मग रेडकूच हाय की अजून! खायला कमी पडतंय काय?"

संगीताला हे लागलं. पोरीच्या खाण्यावर कुणी बोललेलं तिला खपत नाही. "कमी? दिवसाला सहा अंडी घालते मी तिला!"

दुकानदाराचं पेन थांबलं. चष्म्यावरनं त्यानं आमच्याकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "अंडी?"

मॅट मिळाल्या. पण आम्ही टेम्पोत भरेपर्यंत तो माणूस दुकानाच्या पायरीवर उभा राहून आमच्याकडं बघत होता.

*

सातव्या दिवशी मॅट कापायला बसलो. रबर सुरीला धरून ठेवतं, पुढं सरकू देत नाही. बशीरभाईनं सुरी साबणाच्या पाण्यात बुडवली आणि लोण्यासारखं कापून दाखवलं. खालच्या बाजूला उंचवटे असतात, ते खालीच ठेवायचे, म्हणजे मधे हवा राहते आणि दणका जमिनीपर्यंत पोचत नाही. असे दोन थर टाकले. भिंतीपासून चार बोटं जागा सोडली.

आठवा दिवस. साडेपाच. सर त्यांच्या खोलीत. सायलीनं साठ उचलले, सोडले. आम्ही श्वास रोखलेला. सत्तर. ऐंशी. मग नव्वद! पलीकडनं हूं नाही की चूं नाही. मी म्हटलं, सर रागानं गप्प झाले असतील. घाबरत घाबरत त्यांच्या घरी गेलो. सर भिंतीला पाठ टेकून बसलेले, हातात मनगटी घड्याळ.

मला बघून कडाडले, "दत्ता! सहा वाजत आले. वेळ पाळायची शिस्त तुला शाळेतही नव्हती. सुरू करा आता!"

मी बाहेर पळालो आणि रस्त्यावरच ओरडलो, "सायले, जिंकलो!" गल्लीतली कुत्रीसुद्धा उठून बसली.

*

आता शेवटचा.

निवड चाचणीला आम्ही सगळे गेलो. निघताना सर स्वतःहून गाडीत येऊन बसले. म्हणाले, "माझं घड्याळ फोडलं ते कशासाठी, एकदा बघू तरी."

सायलीची दोन वजनं झाली. अठ्ठ्याऐंशी निघालं, ब्याण्णव हातातनं सुटलं. संघात यायचं तर ब्याण्णवच पाहिजे, आणि शेवटची एकच संधी. गॅरेजमध्ये तिनं ब्याण्णव कधीच उचललं नव्हतं. संगीतानं माझा हात एवढा दाबला की बांगडी रुतली.

सायली आली. हातांना खडू लावला. बार खांद्यावर घेतला, उठली, थांबली. मग एका दमात वर! हात सरळ, पाय थरथरले, थरथरले आणि स्थिर झाले. तिन्ही पंचांचे दिवे पांढरे, म्हणजे वजन मान्य! तिनं बार सोडला. खालच्या लाकडी फळ्यांवर असा दणका बसला की अख्खा हॉल हादरला, वरचे पत्रे वाजले. आमची पोरगी राज्याच्या संघात! तानाजी खुर्चीवर उभा राहून शिट्ट्या मारत होता, बशीरभाई रडत होता, मी पण रडत होतो.

इनामदार सर मात्र उभे राहून नुसते त्या फळ्यांकडं बघत होते. मग माझ्या कानाशी आले. "दत्ता, हे रोज माझ्या भिंतीपलीकडं होत होतं?"

"रोज, सर. साडेपाच ते साडेसात."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला सायलीनं बारला हात घातला, तेवढ्यात गॅरेजच्या दारात सर. एका हातात स्वतःच्या घरची प्लास्टिकची खुर्ची. सायली दचकली, बार तसाच सोडून सरळ उभी राहिली.

"काय झालं सर? आवाज आला?"

सरांनी खुर्ची मॅटच्या कडेला मांडली, नीट बसले, चष्मा पुसला.

"आला असता, तर हे बघायला आधीच आलो असतो!"