मुक्या इंजिनाची शिट्टी

साडूचं इंजिन बोलायला लागलं त्या दिवसापासून मला अन्न गोड लागेना. म्हणजे जेवत होतो, आमटी दोन वाट्या जास्तच जात होती, पण आत गेल्यावर ती पुन्हा उकळायची.

साडू ठाण्याला, बाळकुमला राहतो. इतक्या वरच्या मजल्यावर, की घारी त्याच्या खिडकीशी थांबून पत्ता विचारतात. मी डोंबिवलीत, मानपाड्याला. आमच्या बायका सख्ख्या बहिणी आणि आमचा छंदही सख्खाच: वाफेच्या इंजिनांची मॉडेलं. हातभर लांब इंजिन, मागे कोळशाचा डबा, म्हणजे टेंडर. वीज रुळांतून येते, चाकं ती उचलतात आणि इंजिन पळतं. दोघांकडे मॉडेल एकच. फक्त त्याने आवाजासकट घेतलं आणि मी, आवाज काय चाटायचाय, म्हणून मुकं घेतलं.

मग एका रविवारी त्याने हॉलभर रूळ मांडले आणि बटण दाबलं. भक्, भक्, भक्, भक्! आमचे सासरे कल्याणच्या लोकोशेडचे जुने फायरमन. खऱ्या इंजिनाच्या पोटात कोळसा घालण्यात जन्म गेला. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "वा!"

हे 'वा' मी बावीस वर्षं मागतोय. मी हार घातला तेव्हा ते घड्याळ बघत होते. मला बढती मिळाली तेव्हा म्हणाले, "असं का." आणि साडूला नुसतं बटण दाबल्याबद्दल 'वा'!

नंतर माझं इंजिन लावलं. दूध पिऊन सटकणाऱ्या मांजरासारखं गेलं.

"काय साडूभाऊ," तो म्हणाला, "आज मौनव्रत वाटतं इंजिनाचं?"

मेहुणी हसली. माझी बायकोसुद्धा हसली, आणि हे मी लिहून ठेवलंय.

घरी आलो तो टेंडर उघडूनच बसलो. काडेपेटीएवढं आवाजाचं सर्किट मागवलं, नाण्याएवढा स्पीकर. तारांना डाग देताना एवढा धूर झाला की मानपाड्याचे कारखानेवाले प्रदूषणाची तक्रार घेऊन माझ्या दारात आले. इंजिनाच्या मोठ्या चाकाच्या आसावर चार लोहचुंबक बसवले, कारण चाकाच्या एका फेरीला चार भकभका हव्यात. पाचवी झाली तर सासरे झोपेतसुद्धा मोजतील. रुळावर धूळ बसली की आवाजाला उचकी लागते, म्हणून थोडी वीज साठवणारा कपॅसिटर लावला. आमच्याकडच्या धुळीसाठी दोन लावले. स्पीकर उघडा ठेवला तर डासासारखा गुणगुणायचा, त्याला मागून बंद डबी हवी. स्वयंपाकघरातली हिंगाची डबी बरोब्बर बसली. त्यानंतर इंजिन पळालं की फोडणी पळाल्याचा वास यायचा.

राहिली शिट्टी. सर्किटमधली शिट्टी परदेशी, सर्दी झालेल्या माणसाने शीळ घातल्यासारखी. ही फायरमनला ऐकवायची? मी विचार केला, वाफ ती वाफ, मग बॉयलरची असो नाहीतर कुकरची. आमचा कुकर लग्नातला आहे, त्याची शिट्टी झाली की खाली वॉचमन उभा राहून सलाम करतो. मोबाइल घेऊन त्याच्यासमोर उभा राहिलो.

"अहो," बायको म्हणाली, "मुलाखत घेताय का त्याची?"

पुढच्या रविवारी मी बाळकुमला दाखल. रूळ मांडलेले. सासरे खुर्चीत. स्वयंपाकघरात मेहुणीने वाल कुकरला लावलेले, न सोलता, म्हणून तीन शिट्ट्यांचे. सासूबाईंना ते अजिबात पसंत नाही, पण तो वेगळा विषय. कुकरची एक शिट्टी होऊन गेलेली.

मी बटण दाबलं. भक्, भक्, भक्, भक्! सासऱ्यांचं बोट खुर्चीच्या हातावर मोजत होतं. चारावर थांबलं, पुन्हा चारावर थांबलं. साडूचा चेहरा उतरला. मी शिट्टी दिली. घरातल्या भांड्यांनी माना वर केल्या. सासऱ्यांनी डोळे मिटले. मी दुसरी दिली, अंमळ लांब. ते तोंड उघडणार, तेवढ्यात आतून मेहुणी ओरडली, "झाल्या तीन! गॅस बंद केलाय, पानं घेते. उठा सगळे!"

आम्ही उठलो. अख्ख्या ठाणे जिल्ह्यात त्या घडीला माझ्याइतका उतावीळ माणूस नव्हता. पहिल्या घासाला सासऱ्यांचा हात थांबला. ते सावकाश चावले. माझ्याकडे बघितलं. थेट माझ्याकडे!

"वा..." ते म्हणाले.

मी ताठ झालो. साडूने घास खाली ठेवला.

"...ल कच्चे आहेत."

मेहुणी आत जाऊन कुकर बघून आली. "मी तीन मोजल्या होत्या!" तिने माझ्याकडे बघितलं, मग इंजिनाकडे. साडू हसून हसून ठसकला. कुकर पुन्हा चढला.

"तोवर," सासरे हात धुऊन म्हणाले, "लावा परत तुमचं ते. शिट्टी नको. नुसतं चालू दे."

वाल शिजेपर्यंत ते डोळे मिटून ऐकत राहिले. साडूचं इंजिन कपाटात होतं, ते काढा असं कोणी म्हणालं नाही. दुसरं 'वा' काही आलं नाही. पण साडू भेटला की मी सांगतो, तुझ्या 'वा'पेक्षा माझ्या वाट्याला एक अक्षर जास्तच आलंय.