समोरच्या काचेसाठी देपालपूरपर्यंत

मागच्या पोस्टमध्ये मी दोन गोष्टी चुकीच्या लिहिल्या. आमच्या गाडीची समोरची काच शोरूममधून गाडीबरोबरच आलेली आहे, असं लिहिलं होतं. ती तशी नाही. आणि काचेच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात चिकटवलेला रेडियमचा लाल ‘ळ’ उन्हानं विटून नारिंगी झालाय, असंही लिहिलं होतं. तो विटलेला नाही, लावला तेव्हाच नारिंगी होता. पोस्ट वाचून एका ताईंनी खाली लिहिलं होतं, "कंपनीची काच इतकी वर्षं टिकते हे वाचून धीर आला." त्या धीराला काही आधार नाही, म्हणून आधी ही दुरुस्ती. जुनी पोस्ट मी बदललेली नाही, वर फक्त एक ओळ जोडली आहे.

जे आज पहिल्यांदाच वाचताहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. गेल्या महिन्यात इंदूरहून देपालपूरला जाणाऱ्या रस्त्यावर पुढच्या ट्रकमधून उडालेला गिट्टीचा खडा आमच्या काचेवर बसला. आधी तिळाएवढी खूण होती. मग थंडी पडली आणि त्या खुणेतून एक रेघ निघाली, ती रोज थोडी थोडी ड्रायव्हरच्या बाजूला सरकायला लागली. गाडीला पंधरा वर्षं होताहेत. नोंदणी पुढे चालू ठेवायची तर आरटीओची तपासणी, आणि तडकलेल्या काचेनं ती पास होत नाही. म्हणजे काच बदला, नाहीतर गाडी भंगारात द्या. बाबा सरळ म्हणत होते, "देऊन टाकू. झाली तिची सेवा." मला गाडी ठेवायची होती, पण काच बदलायला मन होत नव्हतं. त्याचं कारण तो ळ. तो बाबांच्या हातचा, गेला तर त्यांनाच लागेल असं वाटायचं.

मी शाळेत गेले ती एकदम तिसरीत. त्याआधी दोन शाळांच्या फाटकातून रडत परत आले होते. मग आईनं हिशेब स्वयंपाकघराच्या ओट्यावर राजम्याचे दाणे मांडून शिकवला आणि वाचायला बाबांनी गाडीत शिकवलं. ते बियाण्यांच्या कंपनीत होते, देपालपूर तहसील त्यांच्याकडे. आठवड्यातून दोनतीनदा मी शेजारच्या सीटवर. क कपड्याच्या दुकानावरून, ख खादच्या म्हणजे खताच्या दुकानावरून, ट ट्रॅक्टरच्या शोरूमवरून. पाट्या सगळ्या हिंदीत. एक दिवस मी विचारलं की आपण घरी केळं म्हणतो त्यातलं अक्षर या रस्त्यावर कुठे आहे. बाबांनी देपालपूरपर्यंत शोधलं, कुठेच नव्हतं. मग गाड्यांवर नंबर चिकटवणाऱ्या रेडियमवाल्याकडे गेले. त्याच्या साच्यात ळ नव्हता. बाबांनी त्याच्याकडून लाल पट्टीचा उरलेला तुकडा मागून आणला, कात्रीनं ळ कापला आणि माझ्या सीटसमोर काचेवर लावला. त्याची उजवी बाजू जरा मोठी झाली होती.

तर शनिवारी मी एकटीच काचेचं दुकान शोधायला निघाले. आमच्या सुदामा नगरहून देवास नाका म्हणजे शहराच्या या टोकाहून त्या टोकाला. शनिवारी सकाळी लवकर निघालात तरच जा, नाहीतर निम्मा दिवस सिग्नलवर जातो. वाटेत पोहे खाल्ले, वर शेव आणि जिरावन. जिरावन म्हणजे आमचा इंदुरी मसाला, तो नसला तर पोहे पुण्याचे लागतात.

देवास नाक्यावर गाड्यांच्या काचांची दुकानं ओळीनं आहेत. मी तीन बाहेरून पाहिली आणि ज्याच्याकडे काचा भिंतीला उभ्या, मध्ये गोणपाट घालून ठेवल्या होत्या, त्याच्याकडे गेले. मालक पन्नाशीचे, कानांवर मफलर.

"नुसती भेग भरून मिळेल का?" मी हिंदीत विचारलं.

"निशान होता तो भर देता, मैडम. ये तो अब नदी हो गई."

मग मी माझे प्रश्न विचारले. काच लॅमिनेटेड आहे का, म्हणजे फुटली तरी तुकडे अंगावर येणार नाहीत अशी. कोपऱ्यातला कंपनीचा शिक्का दाखवाल का. चिकटवायला काय वापरता. किती तास गाडी उभी ठेवायची. पक्कं बिल देता का. मालकांनी सगळ्याची उत्तरं दिली आणि शेवटी शेजारच्या दुकानदाराला हाक मारून म्हणाले, "भिया, आरटीओवाले इधरिच आ गए."

मला हसायला आलं नाही, पण राग पण आला नाही. ते गाडी रात्रभर आत, शटरच्या मागे ठेवायला तयार होते. हे महत्त्वाचं आहे, कारण थंडीत चिकटवलेलं घट्ट व्हायला वेळ लागतो.

तिथून कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेले. एसी, सोफा, कॉफी. भाव जवळजवळ दुप्पट, तेही मी समजू शकले असते. पण काच यायला आठ दिवस, आणि आमची तपासणी त्याआधी. शिवाय काच बसवताना पाहता येणार नाही म्हणाले. नवी गाडी असेल आणि विमा पूर्ण असेल तर तुम्हाला हेच बरं पडेल. आमच्यासारख्या जुन्या गाडीला नाही.

संध्याकाळी आईनं गराडू, म्हणजे आमच्याकडचा थंडीतला कंद, तळले होते. मी दोन्ही दुकानांचं सांगत होते. बाबा म्हणाले, "देपालपूरला एक जण आहेत. मंडीच्या रस्त्यावर. उद्या जाऊन तर येऊ."

"इतक्या लांब काचेसाठी?" आई म्हणाली आणि बाबांकडे बघत राहिली. त्या बघण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

रविवारी सकाळी निघालो. गांधीनगर, हातोद, मग देपालपूर. चाळीसेक किलोमीटर. रस्ता बहुतेक चांगला आहे, पण ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे घाई करू नका. मला लायसन्स मिळून वर्षही झालेलं नाही, त्यात ती रेघ डोळ्यांसमोर, त्यामुळे मी चाळीसच्या वर गेले नाही. मागून येणारे हॉर्न देत होते.

"वाजवू दे," बाबा म्हणाले. "त्यांना हॉर्न कंपनीनं फुकट दिलाय."

दोन्ही बाजूंना गहू गुडघ्याएवढा. मध्येच काढलेल्या लसणाचा वास गाडीभर यायचा आणि जायचा. हातोदला चहा घेतला. पूर्वी इथे बाबा माझा चहा बशीत ओतून बॉनेटवर निवायला ठेवायचे. हातोद सोडल्यावर बाबा सवयीनं पाट्या वाचायला लागले, पुटपुटल्यासारखे. "कृषि सेवा केंद्र. शुद्ध दूध डेरी." मी पुढची वाचली. "मैरिज गार्डन." तिथे पूर्वी ट्रॅक्टरचं शोरूम होतं, माझा ट. आम्ही दोघंही एकदमच तिकडे पाहिलं. लहानपणी हा रस्ता मला फार लांब वाटायचा, आणि तो तसाच लांब राहावा असं वाटायचं.

दुकान मंडीच्या रस्त्यावर, पुढे पत्र्याची शेड. दुकानाचे मालक रामेश्वरजी जीप आणि ट्रॅक्टरच्या काचा बसवतात. आम्ही उतरलो तेव्हा ते एका जीपच्या काचेवरून हात फिरवत होते. त्यांनी आधी आमच्या गाडीकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"फिर फोड़ लाए, बाबूजी?"

बाबा शेडच्या खांबाकडे बघायला लागले.

"फिर मतलब?" मी विचारलं.

"अरे बिटिया, ये काँच मेरे ही हाथ का लगा है। ट्रॉली से लकड़ी की बल्ली गिरी थी, पूरा काँच गया था। और बाबूजी को काँच की नहीं, उस चिपकी की पड़ी थी।" त्यांनी ळकडे बोट केलं. "यहीं ठीये पे बैठ के कैंची चलाई इन्होंने। लाल पट्टी पूरे देपालपुर में नहीं मिली। आधा बाज़ार पूछ रहा था, ये कौन सी पार्टी का निशान है।"

मी गाडीपाशी गेले आणि वाकून ळ पाहिला. त्याच्या दोन्ही बाजू सारख्या होत्या. इतकी वर्षं तो माझ्यासमोर होता आणि मी हे कधी पाहिलंच नव्हतं.

चहा आला. बाबा म्हणाले, "तू देवासला मावशीकडे गेली होतीस सुट्टीत."

"मग मला का नाही सांगितलं तुम्ही?"

"त्या वर्षी तू पहिल्यांदा शाळेत टिकली होतीस. म्हटलं, आत्ता काहीच हलवायला नको."

"आणि आता गाडी भंगारात द्यायची म्हणत होता ती?"

बाबांनी कप खाली ठेवला. "काच बदलली की तुला वाईट वाटणार. तेव्हा जमलं, आता तुझ्या नजरेतून सुटलं नसतं. मग म्हटलं, गाडीच जाऊ दे. एकदाच काय ते."

मी त्यांच्यासाठी काच जपत होते आणि ते माझ्यासाठी गाडी विकत होते. महिनाभर एकाच टेबलावर जेवत होतो.

रामेश्वरजींना मराठी थोडं समजत असावं. ते म्हणाले, "काँच के पीछे गाड़ी बेच रहे थे? बाबूजी, ये बात मंडी में मत बोलना।"

यानंतर तुम्हाला वाटेल की काच आता देपालपूरलाच बसणार. मलाही दहा मिनिटं तसंच वाटलं. पण मी तेच प्रश्न त्यांनाही विचारले. काच ते इंदूरहूनच मागवणार. शेड तिन्ही बाजूंनी उघडी, समोरून दिवसभर ट्रॉल्या आणि धूळ. आणि त्याच संध्याकाळी चिकटवलेलं ओलं असताना गाडी चाळीस किलोमीटर हादरे खात न्यायची. त्या काचेमागे आई-बाबा बसणार आहेत. मी सांगितलं की देवास नाक्यावर बसवते.

"हाँ, अब तो इंदौरवाले ही जमेंगे," रामेश्वरजी म्हणाले आणि जीपकडे वळले. त्यांना लागलं. मला वाईट वाटलं, अजून वाटतंय. बाबांनी त्यांच्याकडून गाडीसाठी वायपरची नवी जोडी घेतली, जुनी चांगली होती तरी.

येताना गाडी बाबांनी चालवली. मी माझ्या जुन्या सीटवर बसले.

घरी आल्यावर आईला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"कैची माझीच नेली होती त्यांनी. रेडियम कापून धार घालवली. नंतर ब्लाउज कापायला बसले तर कापडच चावायला लागली."

मग जुना फोटो काढला. मी सहा वर्षांची, गाडीत, काचेतून लाल ळ उलटा दिसतोय. ते अक्षर मी ज्या काचेवर शिकले ती देपालपूरला कुठेतरी फुटून पडली आणि मला पत्ताही नव्हता. ते कळल्यापासून वाईट वाटेल म्हणून वाट बघतेय, अजून तितकंसं वाटलेलं नाही. बाबा शेडमध्ये बसून कापताहेत आणि लोक थांबून विचारताहेत, हे मात्र मी न पाहिलेलं असूनही डोळ्यांसमोरून हलत नाही. ते दिवस परत हवेत असं मला या आठवड्यात फार वेळा वाटलं.

रविवारीच देवास नाक्याला फोन केला. मालक म्हणाले, "हाँ मैडम, आरटीओवाली, बोलो।" तपासणी शुक्रवारी. आईचं म्हणणं मंगळवारी न्या, गणपतीचा वार. पण मंगळवारी त्यांच्याकडे दोन बसच्या काचा आहेत, आणि घाईत बसवलेली काच मला नको. एक रात्र आणि वर एक पूर्ण दिवस सुकायला मिळाला पाहिजे. नव्या काचेवर काही लावायचं का, हे बाबांना विचारलं तर म्हणाले, "आधी काच लाव." बरोबर आहे. येत्या बुधवारी, बारा तारखेला, दुकानाचं शटर वर जाईल तेव्हा मी गाडी घेऊन बाहेर उभी असेन.